फाटे कलम आणि मुळ्या आणणारे संजीवक : वाचकांचे प्रश्न

मृगाचा पाऊस जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत फाटे कलमांचे, म्हणजे फांदीची काडी लावून रोप करण्याचे, प्रश्न वाढतात, आणि या वर्षी त्यांतील बहुतेक प्रश्न एकाच पदार्थाभोवती फिरणारे आहेत. काडीच्या बुडाला लावल्यावर तिला मुळ्या फुटण्यास मदत करणारे हे संजीवक दुकानात सरसकट ‘रूटिंग हार्मोन’ या नावाने मिळते. काहींनी ते वापरून काड्या गमावल्या आहेत, काहींना त्याची मात्रा कशी मोजायची हे कळलेले नाही, आणि काहींच्या हाती त्या नावाखाली भलतेच काही पडले आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावाचा किंवा जिल्ह्याचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : मी बाल्कनीतील लाल जास्वंदीच्या बारा काड्या काढून त्यांना रूटिंग हार्मोनची पावडर लावली. आधीच्या वेळी मुळ्या आल्या नव्हत्या, म्हणून या वेळी पावडरीचा चांगला जाड थर दिला आणि आठवड्याने पुन्हा थोडी पावडर पाण्यात मिसळून कुंडीत घातली. पंधरा दिवस काड्या हिरव्या होत्या, दोन काड्यांना पालवीही फुटली. मग सगळ्या बुडाकडून काळ्या पडल्या. पावडर बनावट असावी का? (ठाणे)

उत्तर : पावडर बहुधा अस्सल होती आणि नेमके तिथेच नुकसान झाले. या पावडरीत शंखजिऱ्याच्या भुकटीमध्ये इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए, अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. एक हजार पीपीएमची पावडर म्हणजे एक किलो शंखजिऱ्यात केवळ एक ग्रॅम आयबीए. इतक्या थोड्या पदार्थाने काम होते, कारण तो वनस्पतीला परका नाही. झाडाच्या शेंड्यांत आणि कोवळ्या पानांत ‘ऑक्सिन’ गटातील संजीवके सतत तयार होतात आणि खोडातून खाली उतरत राहतात. आपण काडी कापतो तेव्हा ही उतरण कापलेल्या टोकाशी येऊन अडते, तिथे ऑक्सिन साठते, आणि त्या ठिकाणच्या काही पेशी आपले आधीचे काम सोडून मुळांचे अंकुर घडवू लागतात. आपण बाहेरून लावतो ते संजीवक या साठ्यात भर घालते, एवढेच. ज्या काडीत अन्नसाठा नाही किंवा मुळे घडवू शकणाऱ्या पेशी नाहीत, तिला कितीही पावडर फासली तरी मुळ्या येणार नाहीत.

मात्रा वाढवल्याने काम वाढते, ही समजूत या पदार्थाच्या बाबतीत विशेष घातक आहे. मर्यादेपेक्षा अधिक ऑक्सिन मिळाले तर बुडाची साल फुगते, तडकते, पिवळी आणि मग काळी पडते, वरचे डोळे फुटायचे थांबतात, आणि फुगलेल्या सालीतून बुरशी आत शिरते. शेतात रुंद पानांची तणे मारण्यासाठी वापरले जाणारे २,४-डी हे तणनाशक याच ऑक्सिन कुळातील कृत्रिम रसायन आहे, हे सांगितले की मात्रेचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागत नाही. आपण आठवड्याने पुन्हा पावडर घातली, ती दुसरी चूक. या संजीवकाची गरज पहिल्या काही दिवसांपुरती, मुळांचे अंकुर घडेपर्यंतच असते. अंकुर घडल्यावर तेच संजीवक अधिक प्रमाणात राहिले तर मुळांची लांबी वाढण्यास अडथळा करते. म्हणून ते एकदाच लावायचे, फक्त बुडाला लावायचे, आणि पाण्यातून कधीही द्यायचे नाही.

दोन काड्यांना फुटलेल्या पालवीने आपली फसगत झाली, ती अनेकांची होते. काडीत साठलेल्या अन्नावर डोळे फुटू शकतात. पालवी दिसली म्हणजे खाली मुळ्या आल्या असे मुळीच नाही. उलट मुळ्या नसताना फुटलेली पालवी काडीतील पाणी आणि अन्न संपवते, आणि पंधराएक दिवसांनी काडी एकाएकी मान टाकते.

या पावसाळ्यात पुन्हा प्रयत्न करताना काडी निवडण्याकडे पावडरीपेक्षा अधिक लक्ष द्यावे. जास्वंदीची निमपक्व काडी घ्यावी, म्हणजे शेंड्याकडची लवचीक हिरवी नव्हे आणि बुंध्याकडची करडी जुनीही नव्हे, तर दोहोंच्या मधली, साधारण पेन्सिलीच्या जाडीची. झाडाला आदल्या दिवशी पाणी दिलेले असावे आणि काडी सकाळी लवकर, पाने ताठ असतानाच काढावी. तीन-चार डोळ्यांची, दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची काडी पुरते. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, धारदार कात्रीने घ्यावा, कारण चेचलेली साल आधी कुजते. कळ्या असतील तर काढून टाकाव्यात, वरची दोन पाने ठेवून त्यांचा अर्धा भाग कापावा आणि बाकीची पाने काढावीत. पाने पूर्ण काढून टाकण्याचा मोह होतो, पण निमपक्व काडीला मुळ्या येण्यासाठी लागणारी साखर आणि तिचे स्वतःचे ऑक्सिन ही पानेच पुरवतात.

पावडर डब्यातून वापरायची नाही. चमचाभर कागदावर काढावी, काडीचे बूड ओले करून जादा पाणी झटकावे, मग एक ते दीड सेंटिमीटर भाग पावडरीत बुडवून काडीवर बोटाने टिचकी मारावी, म्हणजे सैल पावडर झडून पडेल आणि धुक्यासारखा पातळ थर राहील. तेवढा थर पुरेसा आहे. उरलेली पावडर पुन्हा डब्यात टाकू नये. ओल आणि काडीवरील बुरशी तिच्याबरोबर डब्यात जाते आणि पुढच्या हंगामापर्यंत डबा निकामी होतो. माध्यमात आधी काठीने भोक पाडावे आणि मग काडी त्यात सोडावी. काडी थेट खुपसली तर सगळी पावडर वरच्या वर पुसली जाते.

माध्यम म्हणून धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घ्यावे. शेणखत किंवा गांडूळखत या टप्प्यावर अजिबात नको, कारण मुळ्याच नसलेली काडी ते खाऊ शकत नाही आणि जखमेजवळ जिवाणू-बुरशी मात्र वाढतात. कुंडीवर तळ कापलेली पारदर्शक बाटली किंवा प्लॅस्टिकची पिशवी उपडी घालून ती उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवावी. काडी उपटून पाहू नये. जास्वंदीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपली जास्वंद मोठ्या बहुरंगी फुलांची संकरित जात असती, तर मी फाटे कलमाचा आग्रहच धरला नसता. त्या जाती बहुधा साध्या लाल जास्वंदीवर कलम केलेल्या असतात आणि स्वतःच्या मुळांवर त्या दुबळ्या राहतात. लाल देशी जास्वंदीला मात्र पावसाळ्यात संजीवकाशिवायही मुळ्या येतात. त्यामुळे निम्म्या काड्यांना पावडर न लावता लावून पाहावे, ही माझी विनंती आहे.

प्रश्न : माझी अडीच एकर भगवा डाळिंबाची बाग आहे. पुढील लागवडीसाठी घरच्या बागेतूनच फाटे कलमे करावीत असा विचार आहे. आयबीएचे शुद्ध रसायन मिळत आहे, परंतु पीपीएमचा हिशोब आणि द्रावण करण्याची रीत समजत नाही. गुटी कलमे केली तर संजीवक कुठे लावावे? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : द्रावणाच्या आधी एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. ज्या बागेत तेल्या रोग दिसला आहे किंवा मर रोगाने झाडे गेली आहेत, त्या बागेतील एकही काडी कलमासाठी घेऊ नये. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे आणि वरून निरोगी दिसणाऱ्या लागवडीच्या साहित्यातून तो नव्या जमिनीत जातो, हे डाळिंब पट्ट्याने फार मोठी किंमत मोजून अनुभवले आहे. संजीवक मुळ्या आणेल, पण काडीतला रोग काढणार नाही. बाग निरोगी असल्याची खात्री नसेल तर सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन झाडे तपासून घेण्याची व्यवस्था करावी, आणि तोवर कात्री हाती धरू नये.

बाग निरोगी असेल तर गुटीपेक्षा फाटे कलमाचा एक मोठा लाभ आहे. गुटीत, म्हणजे झाडावरच्या फांदीची साल काढून तिथेच मुळ्या आणण्याच्या पद्धतीत, एका फांदीपासून एक रोप मिळते, तर छाटणीत निघणाऱ्या त्याच फांदीपासून तीन-चार काड्या मिळतात आणि मातृवृक्षावर गुटीचा ताण पडत नाही. पक्व, करड्या सालीची, पेन्सिलीएवढी जाड, वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांबीची काडी घ्यावी. अगदी जाड, जुनी फांदी टिकते खरी, परंतु तिला मुळ्या उशिरा येतात. वरचा काप तिरपा आणि खालचा सरळ घेण्याची शिस्त सगळ्या माणसांना लावून द्यावी. काडी उलटी लावली तर ऑक्सिनची उतरण चुकीच्या टोकाकडे राहते आणि रोप होत नाही. शेकडो काड्यांच्या ढिगात वरचे टोक कोणते, हे फक्त कापावरून ओळखता येते.

आता हिशोब. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. द्रावणापुरते व्यवहारात सांगायचे तर एक लिटरमध्ये एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम. त्यामुळे एक लिटरमध्ये एक ग्रॅम आयबीए विरघळवले तर एक हजार पीपीएम होतात. डाळिंबाच्या पक्व काडीसाठी बुडवून लगेच काढण्याच्या पद्धतीत साधारण दोन ते तीन हजार पीपीएमचे द्रावण योग्य ठरते. घरगुती काट्यावर मिलिग्रॅम मोजता येत नाहीत, म्हणून सोनाराच्या किंवा औषधाच्या काट्यावर एक ग्रॅम अचूक मोजून घ्यावे आणि त्याचे चार हजार पीपीएमचे मूळ द्रावण, म्हणजे एकूण अडीचशे मिलिलिटर, करून ठेवावे. आयबीए पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी बहुतेकांचे द्रावण फसते. प्रथम ते सव्वाशे मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, जे औषधाच्या दुकानात मिळते, ढवळून पूर्ण विरघळवावे; मग त्यात थोडे थोडे करून पाणी घालत एकूण अडीचशे मिलिलिटर करावे. पुढे तीन हजार पीपीएम हवे असेल तर या द्रावणाचे पंचाहत्तर मिलिलिटर घेऊन त्यात पंचवीस मिलिलिटर भर घालावी, दोन हजारांसाठी पन्नासात पन्नास, एक हजारासाठी पंचविसात पंचाहत्तर. ही भर नुसत्या पाण्याची नको, तर अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून केलेल्या मिश्रणाची हवी. नुसते पाणी घातले तर द्रावण दुधाळ होते आणि आयबीए बाहेर पडून तळाशी बसते. मग वरच्या पातळ भागात बुडवलेल्या काड्यांना काहीच मिळत नाही आणि तळाशी टेकलेल्या काड्या भाजतात.

काडीचे बूड दोन ते तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत पाच ते दहा सेकंद बुडवावे, काढून सावलीत दोन-तीन मिनिटे अल्कोहोल उडू द्यावे आणि लगेच लावावे. जुडी एकत्र बांधून बुडवली तर सगळ्यांची खोली आणि वेळ सारखी राहते. वापरलेले द्रावण परत मूळ बाटलीत ओतू नये. मूळ द्रावण गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, घट्ट बूच लावून, तारीख आणि पीपीएम लिहून थंड जागी ठेवावे. मुलांच्या हाती ती बाटली लागणार नाही, याची काळजी घ्यावी. शुद्ध रसायन मोजताना हातमोजे आणि तोंडावर कापड हवेच.

माझी खरी शिफारस मात्र अशी आहे की पहिल्या वर्षी हजारो काड्या एकाच मात्रेत बुडवू नयेत. प्रत्येक बागेचे पाणी, फांद्यांचे वय आणि हंगाम वेगळे असतात. आपण वीस-वीस काड्यांचे पाच गट करावेत. एका गटाला काहीच लावू नये, दुसऱ्याला फक्त अल्कोहोल-पाण्याचे मिश्रण, आणि उरलेल्या तिघांना अनुक्रमे एक, दोन आणि तीन हजार पीपीएम. दोन महिन्यांनी पिशव्या फाडून मुळ्या असलेल्या काड्या मोजाव्यात आणि मुळ्या बुडाच्या सर्व बाजूंनी फुटल्या आहेत का, हेही पाहावे. एका बाजूला झुकलेल्या मुळ्यांचे झाड पुढे फळांच्या ओझ्याने कलते. दुसऱ्या गटाचा उपयोग असा की नुकसान अल्कोहोलने झाले की संजीवकाने, हे त्यावरून कळते.

पिशव्या भरताना जुन्या डाळिंबाच्या बागेतील माती वापरू नये. सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी त्या मातीतूनच येतात. कोकोपीट वापरत असाल तर ते दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून पिळावे, कारण त्यातील क्षार कोवळ्या मुळांना जाळतात.

गुटीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तेथे संजीवक बहुतेक जण चुकीच्या जागी लावतात. फांदीची अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल वळ्यासारखी काढल्यावर पानांकडून खाली येणारे अन्न आणि ऑक्सिन त्या वळ्याच्या वरच्या कडेशी अडते, आणि मुळ्या तिथूनच फुटतात. म्हणून संजीवकाची पावडर किंवा मलम त्या वरच्या, म्हणजे शेंड्याकडच्या, कडेला बोटाने किंवा ब्रशने लावावे. उघड्या लाकडावर आणि खालच्या कडेवर लावलेले वाया जाते. त्यावर ओले करून पिळलेले मॉस (वाळवलेले शेवाळ) बांधून प्लॅस्टिकने दोन्ही बाजूंनी घट्ट आवळावे, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरून कूज होणार नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या दुकानात ‘मुळ्यांसाठी’ म्हणून मागितले तर एकदा ह्युमिक ॲसिडची बाटली मिळाली आणि दुसऱ्यांदा एनएए ४.५ टक्के. ह्युमिकमध्ये काड्या रात्रभर भिजवल्या, काही झाले नाही. एनएएमध्ये बोगनवेलीच्या काड्या दहा मिनिटे बुडवल्या, तर त्या आठ दिवसांत वाळल्या. मग ही दोन्ही औषधे कशासाठी असतात? (सांगली जिल्हा)

उत्तर : ह्युमिक ॲसिड, समुद्री शेवाळाचा अर्क, मायकोरायझा (मुळांना साथ देणारी उपयुक्त बुरशी) ही उत्पादने आधीच मुळ्या असलेल्या रोपाच्या मुळांच्या वाढीसाठी आणि अन्न शोषण्यासाठी वापरली जातात. बिनमुळांच्या काडीला नव्याने मुळे फोडणे हे वेगळे काम आहे. दुकानदार दोन्हींना ‘रूटिंगचे औषध’ म्हणतात, म्हणून हा घोटाळा होतो. बाटली घेताना घटकांच्या जागी इंडोल ब्युटिरिक ॲसिड किंवा आयबीए हे नाव आणि त्याचे प्रमाण लिहिले आहे का, एवढेच पाहावे. ते नसेल तर बाटली कितीही आकर्षक असली तरी ती काड्यांसाठी नाही.

दुसऱ्या बाटलीची गोष्ट वेगळी आहे. एनएए म्हणजे नॅप्थॅलिन ॲसेटिक ॲसिड, हेही ऑक्सिनच आहे आणि ते मुळ्या आणू शकते, पण ही बाटली फूलगळ आणि फळगळ थांबवण्यासाठी, दहा-वीस पीपीएमच्या फवारणीकरिता तयार केलेली असते. ४.५ टक्के म्हणजे सुमारे पंचेचाळीस हजार पीपीएम. आपण बोगनवेलीला काड्यांना चालणाऱ्या मात्रेपेक्षा दहा-पंधरा पट अधिक तीव्र द्रावणात आणि तेही काही सेकंदांऐवजी दहा मिनिटे ठेवले, त्यामुळे काड्या भाजणे अटळ होते. ती बाटली तिच्या लेबलावरील कामासाठीच राहू द्यावी. बोगनवेलीसाठी सुमारे तीन हजार पीपीएमची आयबीए पावडर घ्यावी, पक्व जाड काडी निवडावी आणि सहा ते आठ आठवडे धीर धरावा. बोगनवेल ही संजीवकाचा फरक खरोखर ठळक दाखवणारी वनस्पती आहे, म्हणून आपला पहिला अनुभव वाईट झाला याचे मला अधिक वाईट वाटते.

प्रश्न : आंबा, चिकू, सोनचाफा आणि मिरी यांच्या काड्यांना संजीवक लावून रोपे करता येतील का? कलमे फार महाग पडतात. (सिंधुदुर्ग)

उत्तर : मिरीची होतील, आणि उत्तम होतील. भुईवर पसरलेल्या धावत्या वेलांचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये सावलीतील पिशव्यांत लावले आणि बुडाला एक हजार पीपीएम आयबीए दिले, तर पावसाळ्यापर्यंत रोपे तयार होतात. फळे देणाऱ्या आडव्या फांद्यांपासून मात्र झुडूप होते, आधारावर चढणारा वेल होत नाही.

आंबा, चिकू आणि सोनचाफा यांच्या बाबतीत पैसे वाचवण्याच्या नादात वर्ष घालवू नये. मोठ्या आंब्याच्या काडीला संजीवक लावूनही मुळ्या येणे इतके विरळ आणि बेभरवशाचे आहे की कोकणातील रोपवाटिका कोय कलमावरच, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर केलेल्या कलमावरच, विसंबतात. ते कलम आपण स्वतः शिकू शकता, आणि कोयी तर मे महिन्यात घरोघरी पडलेल्या असतात. चिकूचे कलम खिरणीच्या रोपावर करतात आणि ते झाड दीर्घकाळ जोमदार राहते. सोनचाफ्यालाही कलमाचाच मार्ग धरावा. पांढरा किंवा लाल देवचाफा असेल तर गोष्ट अगदी उलट : त्याची जाड फांदी कापून, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवून मग लावली, तर संजीवकाची आठवणसुद्धा काढावी लागत नाही.

प्रश्न : मध, दालचिनी, कोरफडीचा गर, नारळपाणी हे नैसर्गिक रूटिंग हार्मोन असल्याचे सगळीकडे सांगितले जाते. रसायन वापरण्यापेक्षा हे चांगले नाही का? आमच्या आजी काडीच्या टोकाला शेण लावत असत. (नाशिक)

उत्तर : आपल्या आजींपासून सुरुवात करतो, कारण त्यांची रीत विचारपूर्वक होती. गावाकडे शेण बहुधा काडीच्या वरच्या कापावर लावतात, आणि त्यामुळे तो काप झाकला जाऊन काडीतील ओल उडत नाही. उन्हाळ्यात लावलेल्या शेवग्याच्या किंवा अंजिराच्या फाट्याला त्याचा स्पष्ट लाभ होतो. मातीत जाणाऱ्या टोकाला मात्र ताजे शेण लावू नये.

मधात जिवाणू सहज वाढत नाहीत आणि दालचिनीच्या तेलात बुरशीला रोखणारा घटक आहे, त्यामुळे कोवळ्या काडीचा काप कुजण्यापासून त्यांचे थोडे रक्षण होऊ शकते. पण ते मुळे घडवणे नव्हे. जी काडी केवळ कुजल्यामुळे मरत होती, ती वाचली आणि आपल्या स्वभावाने तिला मुळ्या आल्या, तर श्रेय मधाला मिळते. नारळपाण्याची गोष्ट आणखी उलटी आहे. त्यात सायटोकायनिन गटातील संजीवके असतात, म्हणून ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांतही त्याचा वापर होत आला आहे. परंतु सायटोकायनिन अंकुर आणि पालवीला उत्तेजन देते आणि जास्त झाले तर मुळ्या फुटण्याला विरोध करते. शिवाय त्यातील साखरेवर बुरशी वाढते ती वेगळीच.

‘रसायन’ या शब्दाने मनात शंका येणे स्वाभाविक आहे, म्हणून थोडे मागे जातो. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये उजेडाकडे वळणाऱ्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून दाखवले की शेंड्यातून काहीतरी प्रभाव खाली उतरतो. १९२६ ते १९२८ या काळात हॉलंडमधील फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबाच्या शेंड्यातून तो पदार्थ आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यात उतरवून त्याचा परिणाम मोजला. १९३५ मध्ये अमेरिकेतील बॉइस थॉम्पसन संस्थेतील झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी आयबीए आणि एनएए यांनी काड्यांना मुळ्या फुटतात हे दाखवले, आणि तेव्हापासून रोपवाटिकांचे काम बदलले. झाडातील मुख्य ऑक्सिन, इंडोल ॲसेटिक ॲसिड, उजेडात आणि झाडातील विकरांमुळे लवकर मोडते. आयबीए त्याहून टिकाऊ आहे, म्हणून बाजारात ते आले. पुढे तेच आयबीए मक्यासारख्या वनस्पतींत निसर्गतःही सापडले. ते बेताने वापरावे, हाताळताना काळजी घ्यावी, इतके पथ्य पुरे आहे. रसायन अजिबात नको असेल तर नैसर्गिक पर्यायांच्या मागे न लागता सहज मुळ्या येणाऱ्या वनस्पती निवडाव्यात : मनी प्लांट, तुळस, पुदिना, कोलियस, जाई, अंजीर, शेवगा. त्यांना काहीही लागत नाही.

प्रश्न : तुळस आणि पुदिन्याला पावडर लावली आहे, पाने खावीत का? आणि तीन वर्षांपूर्वीचा डबा अजून चालेल का? (पणजी)

उत्तर : दोन्ही वनस्पतींना नुसत्या पाण्यात आठ-दहा दिवसांत मुळ्या येतात, त्यामुळे पुढच्या वेळी पावडर लावूच नये. ही पावडर खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेली नसते. लावलेली रोपे वाढू द्यावीत, काडीवरची जुनी पाने खाऊ नयेत आणि कुंडीत स्थिरावल्यावर आलेली नवी वाढ वापरावी. डब्याबाबत, वापरण्याची मुदत लेबलावर असते आणि तिच्यानंतर तो घेऊ नये. गोव्याच्या दमट हवेत पावडरीचे गोळे झाले असतील तर मुदत असूनही ती टाकून द्यावी. नवा डबा हवाबंद पिशवीत घालून, अन्नापासून वेगळा, फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावा.

प्रश्न : माझ्या अनंताच्या नऊ काड्यांना पांढऱ्याशुभ्र मुळ्या आल्या. आनंदाने त्या शेणखत घातलेल्या मोठ्या कुंड्यांत लावून गच्चीत ठेवल्या, तर चार दिवसांत आठ गेल्या. संजीवकाचा हा उशिरा झालेला दुष्परिणाम असेल का? (पुणे)

उत्तर : नाही. संजीवकाचे काम तेव्हा संपलेले होते. झाकणाखालच्या दमट हवेत आलेल्या पांढऱ्या मुळ्यांवर केशमुळे विरळ असतात, त्या ठिसूळ असतात आणि कोरड्या हवेत पानांतून उडणाऱ्या पाण्याची भरपाई त्या लगेच करू शकत नाहीत. झाकण एकदम काढणे, मोठी कुंडी, ताजे खत आणि गच्चीतले ऊन, हे चार धक्के त्यांना एकाच दिवशी बसले.

अनंताला मुळ्या आणणे अवघड असते. ते आपण साधले आहे, म्हणून निराश होऊ नये. मुळ्या दोन-तीन सेंटिमीटरच्या झाल्या आणि त्यांना बारीक फाटे फुटू लागले की झाकणाला पहिल्या दिवशी एक-दोन भोके पाडावीत, मग रोज थोडी वाढवावीत, आणि आठ-दहा दिवसांनी झाकण पूर्ण काढावे. त्यानंतरही रोप आठवडाभर तिथेच राहू द्यावे. हलवताना माध्यमासकट लहान पिशवीत, फार तर चार इंची कुंडीत लावावे. बोगनवेल आणि अनंत यांची मुळे माध्यम झटकल्यावर तुटतात, म्हणून ती धुऊन पाहण्याचा मोह टाळावा. माती भुसभुशीत असावी, खत दशांश पुरे, आणि अनंताला आम्ल माती मानवत असल्याने चुना किंवा राख घालू नये. पहिले नवे पान पूर्ण उलगडून गडद हिरवे झाले की सकाळचे कोवळे ऊन दाखवावे. जी एक काडी वाचली आहे, तिला सध्या गच्चीवरून उचलून पूर्वेकडील खिडकीत ठेवावे आणि येत्या वर्षभर तिच्यावरून काडी घेऊ नये.